एकावन्न चौरस फूट

आमच्या सोसायटीत कोणीतरी एक शोकेस काढून टाकलं. टाकलं म्हणजे जिन्याखाली आणून ठेवलं आणि त्यावर 'हवे असल्यास न्यावे' अशी चिठ्ठी डकवली. फुकट मिळणारी वस्तू आपल्याला हवी आहे की नको, असा विचार करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी नेलं. सुटं करून फळ्या गॅलरीत उभ्या केल्या आणि पुढचे सहा महिने बायको कपडे वाळत घालताना त्या फळ्या ओलांडत राहिली. सातव्या महिन्यात तिनं विचारलं, "याचं तू नक्की करणार काय आहेस?"

तोंडाला आलं ते बोलून गेलो. म्हटलं, "कॅम्पर."

नाल सापडली म्हणून घोडा घेणाऱ्याला लोक हसतात. हसणाऱ्यांनी ती नाल सहा महिने गॅलरीत ठेवून बघितलेली नसते. आमचा घोडा म्हणजे 2009 सालची मारुती ओम्नी. नात्यातल्या एका केटररची, पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत नेऊन पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवलेली. कंपनीनं ओम्नी बनवणं 2019 साली थांबवलं, त्यामुळे केटरर तिला 'अँटिक' म्हणत होता. मी 'जुनी' म्हणत होतो. या दोन शब्दांमधल्या फरकावर तासभर घासाघीस झाली. गाडी कितीही धुतली तरी पावसाळी हवेत तिच्यातून अळूच्या फदफद्याचा वास येतो. पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास विचारतो, "कोणाकडे कार्य आहे का?"

गाडीची लांबी 3370 मिलिमीटर, रुंदी 1410. गुणाकार केला की होतात एकावन्न चौरस फूट, तेही बाहेरून आणि बंपर धरून. इंजिन 796 सीसीचं, पुढच्या सीटखाली. म्हणजे पुढची जागा माणसांची आणि इंजिनाची सामाईक. मागे मोजलं तेव्हा टेप साडेपाच फुटांवर थांबली. मी पाच फूट नऊ इंच. म्हणजे झोपायची सोय झाली तरी तीन इंच मी शिल्लक राहतो. कर्णरेषेत झोपलं तर मावतो, पण मग बायको उरते.

कामाला लागण्याआधी कायद्याचा एक मोठा अडसर होता, आणि आज मला वाटतं, आमचं जे काही भलं झालं ते त्याच्यामुळेच. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम सांगतं की कंपनीनं गाडीचं मुळात जे वर्णन दिलं आहे त्याच्याशी नोंदणीतलं वर्णन विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आमच्या ओळखीच्या एजंटानं या कलमाचं मराठी भाषांतर केलं ते असं : "साहेब, गाडीला एक भोक पाडायचं नाही. जे करायचं ते उचलून बाहेर काढता आलं पाहिजे." पागडीच्या खोलीतला घरमालक भिंतीला खिळा मारू द्यायचा नाही, तसंच हे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू. खिळा न मारता संसार टांगायचं शिक्षण आमच्या रक्तात आहे.

आधी पलंग. शोकेसच्या फळ्या बारा मिलिमीटरच्या, म्हणजे हलक्या. अठराची प्लाय घातली असती तर चढावर ओम्नीनं माझ्याकडे वळून बघितलं असतं. फळ्या फुकट होत्या. त्या कापायला जिगसॉ नव्हती, ती घेतली. भोकं पाडायला ड्रिल मशीन नव्हतं, ते घेतलं. बोहरी आळीत बिजागऱ्या घ्यायला गेलो तो येताना क्लॅम्प, पॉलिश पेपर आणि एक पाण्याची लेव्हल घेऊन आलो. ती लेव्हल कशाला घेतली हे मला आजही सांगता येत नाही. चाकांवर उभ्या असलेल्या घरात लेव्हल म्हणजे दर मुक्कामाला नवा अपमान. शेवटी हिशेब केला तेव्हा फुकटच्या फळ्या 7,340 रुपयांना पडल्या होत्या. बायको म्हणाली, "एवढ्यात सुतार आला असता." आला असता, पण हत्यारं घेऊन परत गेला असता.

काही गोष्टी मात्र खरोखर जमल्या. त्यांच्याबद्दल मी नम्र राहणार नाही. जुन्या फ्रिजच्या दाराला जे रबर असतं ना, त्याच्या पोटात चुंबकाची लांब पट्टी असते. भंगारवाल्यानं चाळीस रुपयांत अख्खं रबर दिलं. पट्टी ओढून काढली, मच्छरदाणीच्या कडेला शिवली, आणि सरकत्या दाराच्या पत्र्यावर जाळी टपकन चिकटली. भोक नाही, खिळा नाही, डास नाही. त्या संध्याकाळी मी ती जाळी चिकटवून आणि काढून दाखवायला शेजारपाजारच्या सात जणांना खाली बोलावलं. सहा आले.

बायकोनं जुन्या जीन्सचे अकरा खिसे कापून एका पडद्यावर शिवले आणि तो पडदा सीटच्या पाठीला बांधला. टॉर्च, काड्यापेटी, चष्मे, औषधं, सगळं खिशात. पुढच्या सीटखाली तापणाऱ्या इंजिनाचा उपयोग तिनंच शोधला. डिसेंबरात भंडारदऱ्याला निघालो तेव्हा सकाळी सहाला दुधाला विरजण लावून बरणी टॉवेलात गुंडाळली आणि सीटच्या मागे ठेवली. दुपारी राजूरला उघडली तर वडीसारखं दही. संगमनेरला घाईघाईनं बघितलं तेव्हा लागलं नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात आता दह्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजतात.

त्याच भंडारदऱ्याला माझी फजिती झाली. शेंडी गावात गाडी लावून झोपलो. पहाटे चारला कपाळावर थेंब पडला. मग मानेवर. टप गळतोय म्हणून दुसऱ्या दिवशी मी टपाची एकूण एक सांध एम-सीलनं बुजवली. हात दोन दिवस राखाडी होते. त्या रात्री दुप्पट थेंब पडले. पाऊस नव्हता, दंवही बाहेर होतं. सकाळी चहाच्या टपरीवरच्या आजोबांनी आमची ओली गादी बघितली आणि कप विसळता विसळता म्हणाले, "काचा घट्ट लावून निजता व्हय? मग तो तुमचाच श्वास हाय की." दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड पत्र्याला लागते आणि पाणी होऊन खाली येते. मी टप बंद करून माझाच श्वास माझ्यावर पाडून घेत होतो. तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या असतात, आणि बाहेर चुंबकाची जाळी. थंडीत काचा लावून आत शेगडी पेटवायचा मोह मलाही झाला होता. त्याला मात्र मी कधी बळी पडलो नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि या एका बाबतीत विनोद करायला माणूस शिल्लक राहत नाही. स्वयंपाक बाहेर, हे आमच्या घरातलं सोवळं आहे.

पंख्याचंही तसंच. ट्रकवाल्यांचा बारा व्होल्टचा पंखा मी थेट गाडीच्या बॅटरीला जोडला आणि एप्रिलात मेणवलीला कृष्णेच्या काठी रात्रभर गार झोपलो. सकाळी गाडीही गार. दोन अँपियरचा पंखा आठ तास चालला की सोळा अँपियर-तास गेले, आणि पस्तिसाची बॅटरी वयानं माझ्यासारखीच असेल तर उरलेल्यात स्टार्टर फिरत नाही. घाटावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी धक्का मारला. ओम्नी हलकी असते म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये चटकन उठली, पण पोरांनी त्याबदल्यात मला एक ओव्हर टाकायला लावली. आता ऑफिसच्या टाकाऊ यूपीएसमधली सात अँपियर-तासांची वेगळी बॅटरी आहे. बारा साते चौऱ्याऐंशी वॉट-तास. असल्या बॅटरीला निम्म्याच्या खाली उतरवायचं नाही, म्हणजे बेचाळीस. पाच वॉटचा छोटा पंखा साधारण आठ तास. शाळेत हे गणित आलं असतं तर मी आज कुठे असतो! ओम्नीतच असतो, पण पंखा आधीपासून बरोबर असता.

आता सामान ठेवण्याच्या कल्पनांकडे येतो. पलंगाखाली मी तीन ड्रॉवर केले. टपाजवळ लवचिक दोऱ्यांची जाळी ताणली. एस-आकाराचे अकरा हुक लावले. इथे मला एक नियम सापडला, तो कुठल्याही विज्ञानाच्या पुस्तकात नाही : रिकामा हुक फार तर चोवीस तास रिकामा राहतो. अकरा हुक लावायच्या आधी आम्हाला अकरा वस्तू टांगायच्या नव्हत्याच. हुक लागले आणि वस्तू स्वतःहून चालत आल्या. झारा आला. पाठोपाठ किसणी आली. एका ड्रॉवरमध्ये तर पुरणयंत्र निघालं. ते कोणी ठेवलं यावर आमच्यात अद्याप एकमत नाही, पण तीनशे किलोमीटर ते आमच्याबरोबर येऊन गेलं. शिवाय घाटात ही सगळी मंडळी बोलायला लागतात. पहिल्याच वळणावर टोपानं झाकणाशी, झाकणानं वाटीशी सूर लावला आणि कुंभार्ली घाट उतरेपर्यंत आमच्या मागे एक भजनी मंडळ होतं. त्यावर उपाय म्हणून भांड्यांना जुने पायमोजे घातले. पाहुण्यांना चहा देताना कप पायमोज्यातून काढावा लागतो. मोजे धुतलेले असतात, पण हे दर वेळी सांगावं लागतं.

आणि नळ. त्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. चार इंची पीव्हीसी पाइप पाच फूट कापला, दोन्ही तोंडांना टोप्या बसवल्या, काळा रंग दिला आणि टपावरच्या कॅरिअरला पट्ट्यांनी बांधला. बारा लिटर पाणी, फुकटचं ऊन, खाली छोटा कॉक. त्यात दोन दोष निघाले. एक म्हणजे पाणी कडकडीत व्हायला दुपारचे तीन वाजतात, आणि आंघोळ करणारा सकाळी सहाला उठलेला असतो. दुसरा म्हणजे कॉक उघडला की पाणी चार वेळा गुटगुट करायचं आणि थांबायचं. मी कॉक बदलला. मग पाइप तिरका बांधला. तोंडानं फुंकूनसुद्धा बघितलं.

अशा अवस्थेत आईनं गाडी बघायला उतरायचं ठरवलं.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. लग्न होऊन ती नायगावच्या बीडीडी चाळीत आली. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. 1920च्या दशकात सरकारनं गिरणगावाच्या आसपास बांधलेल्या त्या चाळी. एक खोली, 160 चौरस फूट, संडास मजल्यावर सामाईक. त्यात आम्ही नऊ माणसं. आता तिथे पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळणार हे तिला कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "पाचशे? आणि झाडणार कोण?"

तर आई स्टुलावर पाय देऊन गाडीत चढली, पलंगावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी ड्रॉवर उघडून दाखवले. घडीचं टेबल उघडून दाखवलं. पलंग तसाच ठेवून, टेबल उघडं ठेवून, मागच्या दारातून ओटाही कसा बाहेर सरकतो ते दाखवलं. म्हणजे एकाच वेळी झोपता, जेवता आणि चिरता येतं. आई म्हणाली, "एकाच वेळी कशाला?"

मी म्हणालो, "सोय आहे."

"अरे, पण माणूस एका वेळी एकच काम करतो ना? आपल्या खोलीत सकाळी सहा ते आठ मोरी होती. मग दहापर्यंत स्वयंपाकघर. दुपारी माझं शिवणाचं मशीन. संध्याकाळी तुमची शाळा. रात्री गाद्या. खोली एकच होती, तिला आम्ही दिवसभर कामाला लावायचो. तू या गाडीला पाच खोल्या करायला निघालायस."

वर्षभर मी ज्याच्याशी झटत होतो ते या बाईनं चार वाक्यांत संपवलं. मी जागा वाटत होतो. चाळीत वेळ वाटायचे. कोपरा कोणाचाच नसायचा, घटका ज्याची त्याची असायची. आजोबांच्या पूजेच्या वेळी खोलीचं देऊळ व्हायचं आणि पूजा आटोपली की त्याच जागी भाकरीची परात यायची. मासिकांत मी ज्याला बहुउद्देशीय फर्निचर म्हणून वाचत होतो, तो आमच्याकडे लोखंडी पलंग होता. वर आजी, खाली चार ट्रंका, आणि परीक्षेच्या दिवसांत ट्रंकांच्या मधे मी.

मग आईनं काम हातात घेतलं. अर्ध्या तासात टेबल बाहेर गेलं. अकरापैकी आठ हुक निघाले, आणि त्यांच्यावरच्या वस्तू घरात परत जाताना एकीनंही तक्रार केली नाही. गादीची वळकटी झाली, ती दिवसा पाठीला तक्क्या म्हणून टेकली. टेबलाऐवजी पोळपाट मांडीवर. पुरणयंत्राकडे तिनं नुसतं बघितलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक सुती दोरी बांधली आणि म्हणाली, "सकाळी टॉवेल, रात्री पडदा, आजारपणात सलाइन." शेवटी नळापाशी आली. कॉक उघडला, गुटगुट ऐकली आणि विचारलं, "दुसरं भोक कुठाय?"

"कसलं?"

"तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात ना? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. एकच पाडलं की असंच रडत येतं."

डब्यांतून तेल ओतत मी वाढलो, आणि इंटरनेटवर मी 'ग्रॅव्हिटी शॉवर' शोधत होतो. पाइपाच्या वरच्या अंगाला दाभणानं भोक पाडलं. पाणी धो धो आलं. पाइप गाडीचा भाग नसल्यामुळे 52वं कलमही अबाधित राहिलं.

उतरताना आई म्हणाली, "मोठी आहे की रे गाडी." मला वाटलं, समजूत काढतेय. पण तिनं हिशेब केलेला होता. खोली एकशे साठ, माणसं नऊ. माणशी पावणेअठरा फूट. गाडी एकावन्न, माणसं दोन, माणशी साडेपंचवीस. "तुम्ही दोघं त्यात हरवाल," ती म्हणाली. "मी आले तर सतरा होतात. बरोबर बसेल."

अशी आई गुहागरला आली.

तीन माणसं झोपणार कशी, हा प्रश्न माझा होता, तिचा नव्हता. चाळीत बाबा आणि काका बारा महिने व्हरांड्यात झोपायचे. खोली एकशे साठ फुटांची असली तरी संसार व्हरांड्यात, जिन्यात आणि शेजारच्या दारात सांडलेला असायचा, हे त्या क्षेत्रफळात कोणी मोजत नाही. तेव्हा सरकत्या दाराच्या बाजूनं टपापासून दोन बांबूंवर ताडपत्री ताणली आणि माझी रवानगी तिथे झाली. बीडीडीचा व्हरांडा गुहागरात. ज्यांच्या वाडीत आम्ही गाडी लावली त्या काकांनी येऊन फक्त एवढंच सुचवलं की माडाखालून सहा हात सरका, नारळ पडताना ताडपत्री बघत नाही. सरकलो. माझे तीन इंचही त्या रात्री पहिल्यांदाच पूर्ण मावले.

संध्याकाळी शेजारी एक भाड्याची कॅरव्हॅन येऊन उभी राहिली. राज्य सरकारनं 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं ते या लोकांसाठी असणार. आमच्यासारख्यांचा त्यात विचार झालेला नसावा. आत एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, आणि ज्याला मोरी म्हणायची आईची जीभ वळेना अशी चकचकीत बाथरूम. आई ताडपत्रीखाली बसून लसूण सोलत होती आणि त्या गाडीकडे, चाळीत नवं बिऱ्हाड आल्यावर बघावं तशी बघत होती. पंधरा मिनिटांत त्या बिऱ्हाडातली मुलगी बाहेर आली. जरा घुटमळली.

"आजी, तुमच्याकडे थोडी साखर असेल का? आम्ही सगळं आणलं, तेवढीच राहिली."

आईचा चेहरा असा उजळला की बास. तिनं जीन्सच्या चौथ्या खिशातून साखरेचा डबा काढला, पायमोज्यातून वाटी काढली, काठोकाठ भरली. "वाटी सावकाश दे हो," ती म्हणाली. मुलगी पायमोज्याकडे बघत होती. "धुतलेला आहे," मी ताडपत्रीखालून ओरडलो.

वाटी रिकामी परत करायची नाही ही रीत त्या मुलीला कोणी शिकवली, देव जाणे. सकाळी वाटी आली ती सुक्या मेव्यानं भरलेली. दहा मिनिटांनी तिची आई एक केक घेऊन आली. मग वाडीतल्या काकूंना वाटलं आपणच मागे का, म्हणून त्यांनी चार शहाळी, सहा सुके नारळ आणि कोकमाच्या आगळाची मोठी बाटली पाठवली.

आईनं सगळ्याकडे बघितलं, मग गाडीत उरलेल्या तीन हुकांकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "ते आठ कुठे ठेवलेस?"